ओटीत काय हाय?

"पदर सोड."

तो माझ्या आईला म्हणाला. बोईसरच्या एका मोठ्या दुकानात, बाहेर पडायच्या काचेच्या दाराशी. आमच्या मागे बिलं हातात धरून माणसं उभी होती.

"पूर्ण सोड. अजून काय काय भरलंय ते बघू दे."

तो त्या दुकानाचा मॅनेजर. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वय माझ्याहून दोन-चार वर्षं जास्त. माझी आई साठीला टेकलेली. तो तिच्याशी एकेरीत बोलत होता आणि ते कुणालाच खटकलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी मलाही खटकलं नाही. आम्हाला एकेरीचीच सवय आहे.

आईने कमरेला खोचलेला पदर सोडला. त्यातून खाली पडली ती चुन्याची डबी, मिश्रीची पुडी, एसटीचं तिकीट आणि घडी घातलेला एक कागद. बस्स. मॅनेजरने बुटाच्या टोकाने पुडी बाजूला सारली आणि खाली अजून काही दडलंय का ते बघितलं. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "ह्यांना आत सोडतातच कशाला?" ह्याच बाईंनी थोड्या वेळापूर्वी फळांच्या टोपल्यांपाशी चव बघता बघता द्राक्षांचा अर्धा घोस संपवला होता. मी बघितलं होतं. त्याला चव बघणं म्हणतात.

तो घडीचा कागद माझा होता. सरकारी आश्रमशाळेत कामाठीची जागा निघाली होती, तिच्या निवड यादीची झेरॉक्स. काम स्वयंपाकघरातलं, भांडी घासायची, झाडलोट करायची. पण सरकारी, पक्कं. मी त्याच शाळेत बारावीपर्यंत शिकले. यादीत माझं नाव होतं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी नावाखाली पेनाने रेघ मारून दिली होती. ती रेघ ती गावभर दाखवत फिरायची. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही तिने दाखवली असणार, नाहीतर तिकीट आणि कागद एकत्र कशाला असते.

त्याच आनंदात आम्ही तिथे गेलो होतो. मी तारापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे गोळ्यांची पाकिटं भरते, बेटेगावला माझी खोली आहे. आई डोंगराकडच्या आमच्या गावातून भेटायला उतरली होती. मीच म्हटलं, आये, चल, तुला मोठं दुकान दाखवते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता झालं काय ते सांगते. सरळ आहे.

आमच्या बाया बाजाराला पिशवी नेत नाहीत. पदर कमरेला खोचला की पुढे झोळी होते, तिला आम्ही ओटी म्हणतो. आठवडे बाजारात वस्तू निवडायची, ओटीत टाकायची, पुढची निवडायची. समुद्राकाठच्या मुरबे गावची एक कोळीण आमच्याकडच्या बाजाराला सुके बोंबील घेऊन येते. आई कित्येक वर्षं तिच्याचकडून घेते. कोळीण दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असते, आई बोंबील निवडून ओटीत टाकत असते. मग कोळीण वळते आणि विचारते, "ओटीन काय हाय गो बाय?" आई एकेक काढून दाखवते. विचारायच्या आधी कुणी दाखवत बसत नाही आणि विचारल्यावर कुणी लपवत नाही. अशी रीत आहे. ह्या रीतीवरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

दुकानात टोपली मी घेतली होती. आई मागून येत होती, प्रत्येक गोष्टीला हात लावत. तिने खोबरेल तेलाची एक बाटली उचलली, हुंगली आणि ओटीत टाकली. मी पुढे साबण बघत होते, मला दिसलं नाही. काउंटरवर मी टोपली रिकामी केली. आई माझ्या शेजारीच उभी होती. ती विचारायची वाट बघत होती. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली नाही. तिची नजर मशीनवर, हात सामानावर. रांग लांब होती, तिचाही काही दोष नाही. तिने आईला विचारलंच नाही.

दारात गार्ड बिलं बघत होता. उत्तरेकडचा, म्हाताराच माणूस. त्याने आमचं बिल बघितलं आणि सहज विचारलं, "और कुछ है, अम्मा?"

आईचा चेहरा खुलला. शेवटी विचारलं कुणीतरी. तिने ओटीत हात घातला, बाटली काढली आणि हसत त्याच्यापुढे धरली.

"ह्यो पन हाय."

एवढीच आमची चोरी.

गार्ड गडबडला. "इसका बिल करा लो," असं तो म्हणतच होता. तेवढ्यात मॅनेजर आला आणि त्याने पदर सोडायला लावला. मी तेव्हा काय केलं? आईच्या पुढे उभी राहिले नाही. मी तिच्यावर ओरडले. "तुला अक्कल नाय का, आये?" सगळ्यांसमोर. लोकांना कळावं म्हणून, की मी वेगळी आहे. मी शिकलेली आहे.

आम्हाला मागच्या खोलीत नेलं. खोक्यांची खोली. एका भिंतीवर फोटो चिकटवलेले, वर लाल अक्षरांत 'चोर'. मी ते फोटो बघितले. डोक्यावर पाटी असलेली एक कोळीण. लुगड्यातल्या दोन बाया. कंपनीचा डगला घातलेला एक बिहारी कामगार, कडेवर पोर घेतलेली एक बाई. द्राक्षं खाणाऱ्या बाईंसारखा एकही चेहरा तिथे नव्हता. हे मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही. कळायला कोर्टात उभं राहावं लागलं.

आई खोक्यांच्या आड अंग चोरून उभी होती. मॅनेजर म्हणाला, "कर नाही त्याला डर कशाला?" आमच्या लोकांना डरायला करावं लागत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

मग त्याने मला विचारलं, "लिहिता येतं?"

"बारावी झालेय."

"मग माफीनामा लिही. लिहून दिलंत की सोडतो."

तो सांगत गेला. आम्ही दोघींनी संगनमत करून. मी पेन टेकवलं आणि माझा हात थांबला. मला त्या क्षणी आई दिसत नव्हती. मला ती यादी दिसत होती. नावाखालची रेघ दिसत होती. तो फोनवर बोलायला वळला आणि मी माझ्या मनाने लिहिलं, 'माझ्या आईने खोबरेल तेलाची बाटली पदरात लपवून नेली. मला हे माहीत नव्हतं.'

लपवून. हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. तो माझा आहे. आईने दारात हसत हसत बाटली पुढे केली होती आणि मी हातभर अंतरावर उभी होते.

आईने विचारलं, "काय लिवतंस?"

"माफी मागतेय, आये."

"माग. आपला काय जाते?"

त्याने शाईचा पॅड पुढे केला. मी तिचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला. शाळेत असताना सुट्टीत मी तिला सही शिकवायला बसायचे, ती हसून पळायची. ती सही आली असती तरी तिने त्या कागदावर केलीच असती. माझं अक्षर बघून तिने कशावरही केली असती.

मग त्याने आईच्या हातात बाटली देऊन फोटो काढला. आणि पोलिसांना फोन लावला. मी म्हटलं, साहेब, तुम्ही सोडतो म्हणालात. तो म्हणाला, "वरून ऑर्डर आहे. दर महिन्याला माल कमी भरतो. कुणावर तरी केस झालीच पाहिजे." चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी दहावीच्या पेपरात वाक्यात उपयोग करून लिहिली होती.

पोलीस ठाण्यात हवालदार वाईट नव्हते. चहा दिला. म्हणाले, "पाच हजारांच्या आतलं आहे, पहिलाच गुन्हा. नव्या कायद्यात ह्याला तुरुंग नाही, समाजसेवा आहे. चार दिवस कुठेतरी झाडू मारायचा. काही होत नाही, बाई." अदखलपात्र म्हणून नोंद झाली. अटक नाही. दुकानवाल्यांनी मागे लागून कोर्टाची परवानगी काढली आणि मग तपास झाला. मला वाटलं होतं विसरले असतील. समन्स आलं ते दोघींच्या नावाने. माझ्या माफीनाम्याने मला वगळलं नाही. मी काउंटरवर लक्ष गुंतवून ठेवलं आणि आईने माल बाहेर काढला, असं दुकानाचं म्हणणं.

त्याच सुमारास आश्रमशाळेच्या कार्यालयातून नेमणुकीच्या आधी भरायचा अर्ज आला. पोलीस पडताळणीचा. त्यात प्रश्न होता, आपल्याविरुद्ध कधी फौजदारी खटला दाखल झाला आहे काय, आपणांस कधी दोषी ठरवले आहे काय. असल्यास तपशील द्या. तपशिलाला दोन ओळींची जागा सोडली होती. काही होत नाही म्हणणाऱ्या हवालदारांना तो कागद नेऊन दाखवावा असं फार वाटलं. मी ती जागा कोरी ठेवली आणि मुदत मागून घेतली.

पालघरच्या कोर्टाने आम्हाला फुकट वकील दिली. मॅडम चांगल्या होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, माफीनामा वाचला आणि म्हणाल्या, "हे पत्र तुला वाचवेल. तुला माहीत नव्हतं असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दुकानाचा माणूस तुझ्यापुरती तडजोड करायला तयार आहे. फक्त आईने गुन्हा कबूल करायचा. तिला समाजसेवा लागेल, झाडू मारेल आणि घरी जाईल. तिला कुठे नोकरी करायचीय?"

मी म्हटलं, आणि खटला लढलो तर?

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तू तर जिना चढायला निघालीस. किती वर्षं जातील सांगता येत नाही. तोवर तुझी जागा थांबेल का?"

मी आईला सांगितलं. ती लगेच तयार झाली. विचारसुद्धा केला नाही. तिने विचार करायला हवा होता, म्हणजे मला लाज वाटायला थोडा वेळ मिळाला असता.

तारखेला आम्ही बोईसरहून एसटीने निघालो. आई खिडकीशी. "मना काय बोलायचा ते आदीच सांगून ठेव," ती म्हणाली. मी म्हटलं, कबूल हाय, एवढंच बोल. ती पुटपुटत बसली. कबूल हाय. कबूल हाय. उमरोळीचा थांबा गेला तरी तिचे ओठ हलतच होते. चुकू नये म्हणून. पोरीच्या नोकरीचं आहे म्हणून.

आमचा पुकारा झाला. मॅनेजर आधीच येऊन बसला होता. न्यायाधीश साहेब चष्म्यातून कागद बघत होते. सरकारी वकिलांनी आरोप सांगितला आणि माफीनामा वाचला. मोठ्याने. 'माझ्या आईने खोबरेल तेलाची बाटली पदरात लपवून नेली.'

आईने ते पहिल्यांदा ऐकलं.

ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं, आणि तिचा हात कमरेशी गेला. कुणी सोड म्हणायच्या आधीच तिने पदर मुठीत घट्ट धरून ठेवला. साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल हाय," आई म्हणाली. माझ्याकडे बघत बघत म्हणाली. पाठ केलेलं ती विसरली नाही.

त्या खोलीतल्या भिंतीवरचे सगळे फोटो मला आठवले. त्यातल्या किती जणांचे माफीनामे असे कुणी घरच्यांनीच लिहिले असतील? मॅनेजरने आईला पदर सोडायला लावला, हे खरं. पण तिला चोर मी म्हटलं. माझ्या सुंदर अक्षरात. शाळेने मला अक्षर दिलं आणि मी ते त्याच्या कामाला लावलं.

"साहेब, ते पत्र खोटं आहे."

"मध्ये बोलायचं नाही. तुमची पाळी येईल."

"तिने लपवली नव्हती. गार्डने विचारल्यावर तिनेच काढून दाखवली. मी शेजारी उभी होते. लपवून असं मी लिहिलं, माझी नोकरी वाचावी म्हणून."

मॅडमनी माझा दंड धरला. मॅनेजर उठून उभा राहिला. साहेबांनी त्याला हातानेच बसवलं आणि चष्मा काढून आईकडे बघितलं.

"आजी, तुम्ही नीट सांगा. तुम्ही ती बाटली चोरली का?"

तुम्ही. ह्या सगळ्या प्रकरणात तिला कुणी पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं. आई माझ्याकडे बघायची थांबली आणि समोर बघायला लागली.

"मी ओटीत टाकला. कोनी इचारला नाय. इचारला तवा दाखवला."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग बाजूच्या माणसाला म्हणाले, "आरोपी क्रमांक एक, गुन्हा कबूल नाही." माझ्याकडे वळले. मला विचारलं. मी म्हटलं, "नाही." लिहून झालं. पुढची तारीख पडली. पाच मिनिटंही लागली नसतील.

बाहेर व्हरांड्यात मॅडम चिडल्या होत्या. त्यांचं चुकीचं नव्हतं. "तुला कळतंय का तू काय केलंस? तो गार्ड आता तिथे कामाला नाही, कुठे गेला कुणाला माहीत नाही. कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं तर राहिलं नाही म्हणतील. राहतं काय? तुझं पत्र आणि आईचा अंगठा. दोष सिद्ध झाला तर झाडू तेव्हाही आहेच. नोकरी मात्र आज गेली." मी मान हलवली. सगळं कळत होतं.

अर्जातल्या त्या प्रश्नापुढे मी 'होय' लिहिलं. तपशील दोन ओळींत मावला नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहिला. कोळिणीची रीतसुद्धा लिहिली. कोण वाचणार? माझ्या खालच्या नावाला नेमणूक मिळाली. आमच्याच बाजूची पोर आहे, गरीब आहे, तिला शिव्या द्यायलाही जीभ वळत नाही. मी पाकिटं भरते. तारखेच्या दिवशी खाडा पडतो, ठेकेदार बडबडतो. दोनदा तारीख पडली, दोनदा मॅनेजर आला नाही, दोनदा पुढची मिळाली. फोटो तिथेच असणार. दुकानात काम करणारी माझी एक मैत्रीण सांगते, आईच्या फोटोखाली आता तीन नवे लागलेत.

कोर्टातून परतताना एसटीत आईने एकदाच विचारलं, "तू तसा लिवलंस?"

"हो."

"बरा."

पण आता घरी कसलाही कागद आला, रेशनचा, बँकेचा, की ती मला वाचायला देत नाही. घडी घालून ठेवते आणि अंगणवाडीच्या बाईंकडे नेते. मी समोर बसलेली असते. तिने मला माफ करावं असं मला वाटतं आणि तिने करू नये असंही वाटतं.

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर बाजाराला गेले. तिने प्लॅस्टिकची पिशवी आणली होती, आतलं आरपार दिसणारी. बोंबील उचलायच्या आधी ती दोन्ही हात वर करून दाखवत होती. रिकामे आहेत म्हणून. कोळीण दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. मग वळली आणि नेहमीसारखं विचारलं, "ओटीन काय हाय गो बाय?"

"काय नाय," आई म्हणाली. पदर झटकून दाखवला. "बग. काय नाय."

कोळिणीला कळेना काय झालं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, सगळं सांगितलं. दुकानाचं सांगितलं आणि माझंही सांगितलं. काय लिहिलं, का लिहिलं. आई खाली बघत राहिली. हातातले बोंबील खाली ठेवून कोळीण म्हणाली, "मी येते कोर्टान. आमची रीत मी सांगते." मॅडम म्हणतात, तिच्या साक्षीने फारसा फरक पडणार नाही, ती दुकानात नव्हती.

नसेल पडत. मी तिचं नाव दिलंय.

आम्ही जिंकू असं मला वाटत नाही. निकाल लागेपर्यंत आई असेल का, तेही माहीत नाही. ती नसली तर मी एकटी उभी राहीन. माझ्या अक्षरातला तो कागद ते पुन्हा पुढे करतील, आणि दर वेळी मी सांगेन की हा कागद खोटा आहे आणि खोटं लिहिणारी मी आहे. ह्याबद्दल मला शिक्षा द्यायची असेल तर द्या. झाडू द्या, मारते.

पण माझ्या आईने चोरी केली, हे मी पुन्हा कुठेही लिहिणार नाही, कुणालाही बोलू देणार नाही. पुढची तारीख सोळाची आहे. पुन्हा विचारू देत, कबूल आहे का.

नाही.